केस कसे नाही गेले?

"भाऊ, तुमाले ब्लड कॅन्सर हाय म्हन्ते, मंग डोक्स्यावरचे केस कसे नाई गेले?" आमच्या राळेगाव तालुक्यात पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीतसुद्धा हा प्रश्न मला विचारला गेलाय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितो.

माझा कॅन्सर सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. पाच वर्षांपूर्वी डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, अर्ध्या भाकरीत पोट भरायचं. पानथरी वाढली होती. पांढऱ्या पेशी ११ हजारांच्या आत हव्यात, माझ्या १,८०,००० निघाल्या. नागपूरला तपासणीत कळलं, की बोन मॅरोतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त बनवणाऱ्या मगजातल्या पेशींमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालीय. त्या आखूड २२ नंबरला फिलाडेल्फिया म्हणतात. १९६० साली ते त्या शहरात सापडलं म्हणून.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा अडकलेला स्टार्टर. तुकडे जुळून असं प्रथिन तयार होतं, की मोटार बंदच होत नाही, पेशी बनतच राहतात. माझं औषध म्हणजे इमॅटिनिबची गोळी. ती त्या प्रथिनाला जिथून ऊर्जा मिळते त्याच खाचेत जाऊन बसते, फ्यूजच्या जागी लाकडाची ढलपी ठोकावी तशी. केमो म्हणजे अख्ख्या गावाची लाईन कापणं. केसांची मुळंही भराभर वाढणारी, तीही त्यात अंधारात जातात. माझी गोळी त्या एकाच मोटारीवर चालते, माझे केस वाचले ते असे. सकाळी डोळ्यांखाली सूज मात्र असते, आणि रात्री पोटरीत असे गोळे येतात की बायको उठून पाय चोळते.

गोळी रोज ४०० मिलिग्रॅम, जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने या औषधाच्या मूळ कंपनीचा, नोव्हार्टिसचा, पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली. नाहीतर माझं वावर केव्हाच गेलं असतं.

ढलपी काढली की मोटार पुन्हा सुरू, हे मी स्वतः करून पाहिलंय. कापूस वेचणीचे दिवस, तब्येत ठणठणीत, नागपूरला जायला सवड नाही. महिनाभर गोळीच घेतली नाही. रक्तात तो बिघाड किती उरलाय ते पीसीआर तपासणीत कळतं, तो आकडा ०.१ टक्क्याच्या खाली हवा. माझा ०.०८ होता, तो ०.७ झाला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, फक्त दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

सिकलसेल या रक्ताच्या आजारामुळे आमच्याकडे 'जीनचा दोष' म्हटलं की तो आईबापाकडून येतो, हे पोरासोरांनाही माहीत. त्यामुळे पोरीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी आडून विचारलंच. माझा दोष जन्माचा नाही, माझ्याच मॅरोत मागाहून झालेला. तो पोरीत उतरत नाही. हे सांगताना मला दोनदा चहा मागवावा लागला.

शेजारच्या गावचा एक जण मेव्हण्यासाठी माझी स्ट्रिप मागायला आला होता. म्हटलं, आधी रिपोर्ट दाखव. त्यात एएमएल, म्हणजे रक्ताचाच दुसरा, झपाट्याने वाढणारा कॅन्सर, आणि एफएलटी३ हा बिघडलेला जीन लिहिलेला. म्हणजे स्टार्टर दुसरा, माझी ढलपी तिथे बसणारच नाही. त्याच्यासाठी मिडोस्टॉरिन नावाचं औषध आहे, पण तेही केमोच्या जोडीने देतात. मेव्हण्याचे केस गेले. परवा तो टोपी घालून पानठेल्यावर आला होता. त्याला कोणी काही विचारलं नाही.