शास्त्र ठाऊक असूनही

मी पदवीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवते आणि माझा रंग काळा आहे. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की लोक मला हमखास विचारतात, "त्वचेचा रंग कसा घडला हे तुम्हांला इतके नेमके ठाऊक आहे, मग कोणी रंगावरून बोलले तर अजूनही का लागते?" विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला कळते. पण कारण समजले की दुःख संपावे, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. मीही पुष्कळ वर्षे तेच धरून होते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

शास्त्राबद्दल वाद नाहीच, तेव्हा ते थोडक्यात सांगते. चिंपांझीच्या केसांखालची कातडी बहुतांशी फिकट असते. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे केस विरळ झाले, घामाने शरीर थंड राखता येऊ लागले आणि आफ्रिकेच्या उन्हात उघडी पडलेली त्वचा पिढ्यान्‌पिढ्या गडद होत गेली. अतिनील किरणांनी शरीरातले फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व नष्ट होते आणि ते कमी पडले तर गर्भाचा मेंदू व पाठीचा कणा नीट घडत नाही. म्हणून गडद त्वचेने मुख्यतः पुढच्या पिढीचे रक्षण केले, अशी मांडणी नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० मध्ये केली. विषुववृत्तापासून दूर, कमी उन्हाच्या प्रदेशांत, ड जीवनसत्त्वासाठी फिकट त्वचा सोयीची ठरली. एसएलसी२४ए५ या जनुकातील डीएनएच्या एका अक्षराच्या बदलाने त्वचा उजळते. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्रीय संशोधन संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात असे दिसले, की भारतीयांतला आणि युरोपीयांतला हा बदल एकाच मुळातून आलेला आहे आणि आपल्याकडे जवळजवळ राहणाऱ्या समूहांतही त्याचे प्रमाण बरेच वेगळे असते. सख्ख्या बहिणींचे रंगही वेगळे निघू शकतात. आम्हां दोघींचे निघाले.

हे सगळे माझी मुलगी जन्मली तेव्हाही मला येत होते.

मी माहेरी बाळंतीण होते. बाळ बघायला आलेल्या मावशीने तिला खिडकीशी नेले, टोपडे सरकवले आणि कानाच्या पाळीची कड उजेडात धरून निरखली, कारण बाळाचा पुढचा रंग तिथे आधीच दिसतो असे घरोघरी मानतात. कड फिकट होती. माझी आई शेजारी उभी होती. ज्या आईने माझ्या रंगाबद्दल उभ्या आयुष्यात एक शब्द काढला नव्हता, कोणी काढला तर त्याला दारातून परत पाठवले होते, ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्यावर नाही गेली गं. सुटले मी." तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, निखळ सुटका होती. माझी शाळा, माझे शिक्षण, माझे लग्न, या सगळ्या काळात ती कोणते ओझे माझ्यापासून लपवून वाहत होती, हे मला त्या शेवटच्या दोन शब्दांत कळले. मी बोलायला लागले. नवजात बाळाच्या त्वचेत रंगद्रव्य पुरते तयार झालेले नसते, पुढचे काही महिने रंग बदलत जातो, असे बरेच काही मी सांगितले. दोघींनी अगदी आदराने ऐकून घेतले. मग मावशी म्हणाली, "ते सगळं खरं असेल बाई, पण उजळच राहील ना?" त्या रात्री सगळे झोपल्यावर मीही दिवा लावून तो कान पाहिला.

त्या वेळची मी म्हणत होते, की हे अज्ञान आहे आणि ते शिकवून जाईल. आज मी तिच्याशी भांडते. मावशीने रंगाचे कारण विचारलेच नव्हते. या मुलीसाठी पुढे किती ठिकाणी मान खाली घालावी लागेल, एवढे तिला जाणून घ्यायचे होते, आणि त्याचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते. तरीही ती बरोबर होती असे मी म्हणणार नाही. व्यवहार तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होता, पण तो चालू ठेवणाऱ्यांत तीही होतीच. १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे नाव २०२० मध्ये बदलले, तेव्हा मला अभिनंदनाचे निरोप आले. ते पाठवणाऱ्यांपैकी कितीजणींनी घरात कानाच्या पाळ्या बघणे थांबवले, हे मी विचारले नाही.

आणि कृपा करून विठ्ठलही सावळाच आहे, असे मला सांगू नका. काळ्या त्वचेला उन्हामुळे होणारे कर्करोग कमी होतात, हेही सांत्वन म्हणून नको. ते खरे आहे, पण मी काळी असण्याला काहीतरी फायदा दाखवावाच लागतो, हे मला मान्य नाही. गोऱ्या माणसाकडे त्याच्या रंगाचा उपयोग कोणी मागत नाही. अडचण अशी, की वर्गात मी स्वतः गडद रंगाची उपयुक्तताच शिकवते आणि समोरच्या सावळ्या मुलींचे चेहरे उजळले की मला बरे वाटते. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

मुलगी आता महाविद्यालयात आहे, तिचा रंग माझ्या आणि तिच्या वडिलांच्या मधला आहे. ती म्हणते, की हा पाठ मी दरवर्षी लांबवते तो विद्यार्थ्यांसाठी नव्हे, आजीला उत्तर देण्यासाठी. मी ते नाकारते, आणि पाठ कमी करायलाही तयार नाही.