वहीतला भा.

श्रावणातला दुसरा रविवार, रात्रीचे साडेअकरा.

आज संध्याकाळी साडेसहा ते नऊ मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीसाठी फिरलो, एकोणीस पावत्या फाडल्या आणि ९,३५० रुपये जमा झाले. या हिशेबात झोप उडावी असे काही नाही. रक्कम कमी आहे हे खरे, पण कमी रकमेची आता सवय झाली आहे. तरीही दिवा मालवून दोनदा उठलो आणि शेवटी मंडळाची वही पुढ्यात घेऊन बसलो आहे, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या दारात ऐकलेले एक वाक्य मनातून जात नाही.

घडले ते एवढेच. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून धाकटा आणि मी जिना चढून चौथ्या मजल्यावर वहिनींकडे निघालो होतो. तिसऱ्या मजल्यावर एक दार उघडले आणि कामावर निघालेली एक मुलगी खांद्याला पिशवी, हातात डबा अशी बाहेर आली. आम्हाला पाहून ती थांबली आणि म्हणाली, "काका, आमच्याकडे तुम्ही कधीच का येत नाही?" मला वाटले, ही तक्रार आहे. मांडवाची असेल, आवाजाची असेल. दहाच्या ठोक्याला आमचा लाउडस्पीकर बंद होतो, हे उत्तर ओठांवर तयार होते. पण ती पुढे म्हणाली, "चार वर्षं झाली मला इथे येऊन. दर श्रावणात तुम्ही वर जाता, खाली येता, मला आतून आवाज येतो. सुट्टी असली की आरतीला येते मी. पण वर्गणी दिलेली नसते ना, म्हणून मागेच उभी राहते."

तिने पर्समधून पाचशेची नोट काढली. धाकट्याने पावतीपुस्तक उघडले, पेन माझ्या हातात दिले, आणि मला तिला नाव विचारावे लागले. ती उदगीरची आहे, रुग्णालयात रात्रपाळीला असते, हे मला पावती लिहिता लिहिता कळले. चार वर्षे आमच्या आरतीत उभ्या असलेल्या माणसाचे नाव मला पावतीसाठी विचारावे लागले, याचे मला जे वाटले ते तिथे जिन्यात बोलता आले नाही आणि इथेही नीट लिहिता येत नाही.

घरी येऊन वही उघडली. तिच्या घराच्या क्रमांकापुढे तांबड्या शाईत माझ्या अक्षरात 'भा.' लिहिलेले आहे. भा. म्हणजे भाडेकरू, म्हणजे पुढे चला. अशी किती घरे आहेत ती आज पहिल्यांदा मोजली. गल्लीतल्या ७९ घरांपैकी ४३ घरांपुढे ही खूण आहे. निम्म्याहून अधिक गल्ली मी एका अक्षराने वगळली आहे, आणि वर्षानुवर्षे बैठकीत उभा राहून "आता गल्लीत माणसेच उरली नाहीत" असे सांगत आलो आहे.

माझ्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, ते लिहून ठेवतो. सत्तावीस वर्षे मी ही वही सांभाळली. आमचे मंडळ १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले आहे, आणि पावतीशिवाय एक रुपयाही घेतला नाही याचा मला अभिमान आहे. वाडे पडले, जुनी बिऱ्हाडे कोथरूड, वारजे, धायरी अशी पांगली, तेव्हा बस बदलत बदलत त्यांच्याकडे जाऊन वर्गणी आणणारा मीच होतो. त्यांतली किती दारे आता मुलगा परदेशी आणि कुलूप बाहेर अशी आहेत, हेही मलाच ठाऊक आहे. गुडघे जिना मोजून चढतात. २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हटले, त्याचे कौतुक वाटले, पण आमच्यासारख्या लहान मंडळाच्या मांडवाचे बिल मात्र अजून याच वहीतून निघते. यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे हाती तीन आठवडे उरले आहेत. एक लाख पंचाऐंशी हजारांच्या खर्चापुढे जमा बासष्ट हजार आहे आणि देखावा आधीच रद्द केला आहे. कमानीचा विषय उद्याच्या बैठकीत पुन्हा निघणार. ज्याला तिच्यावर स्वतःचा फोटो हवा आहे तो सगळा खर्च उचलायला तयार आहे. मंडळातले जुने अण्णा असते तर... असो.

हे सगळे खरे आहे आणि यातले काहीही त्या खुणेचे उत्तर नाही.

ती खूण सुरू झाली तो दिवस मला आठवतो. बोळातल्या जुन्या वाड्यात माडीवर तीन विद्यार्थी राहायचे. त्यांच्याकडे वर्गणी मागितली तेव्हा एकजण अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, आम्ही अकरा महिन्यांची माणसं, आम्हाला कशाला?" मला ते पटले. करार अकरा महिन्यांचा, गणपती दहा दिवसांचा, उगाच परक्या पोरांना भीड घालू नये, असे मी अण्णांना सांगितले आणि त्यांनीही मान डोलावली. त्याला मी आजवर सभ्यपणा समजत होतो. आज पुन्हा पुन्हा वाटते की त्यात सभ्यपणा थोडा होता आणि नकार ऐकावा लागू नये ही इच्छा जास्त होती. ओळखीच्या दारात कुणी नाही म्हणत नाही, फार तर रक्कम कमी करते. अनोळखी दारात काहीही ऐकावे लागते. मी त्यांना वाचवले की स्वतःला, हा प्रश्न मी आज जिना उतरल्यापासून किमान दहा वेळा उलटापालटा केला असेल.

अभ्यासिकेतली मुले आठवतात. आमच्या पेठेत स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुले एकेका खोलीत कॉट भाड्याने घेऊन राहतात, खानावळीत जेवतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसले आणि पाचव्या दिवशी रात्री अवचित पाऊस कोसळला, तेव्हा मांडवाची ताडपत्री धरून चिंब उभी राहिलेली तीच होती. आम्ही त्यांना चहा दिला, प्रसाद दिला. वर्गणी मागितली नाही, मिरवणुकीत केळकर रस्त्याने निघताना कोणी सोबत बोलावलेही नाही. त्यांच्यातला एक परीक्षेच्या आधी आवाज कमी करा म्हणून सांगायला आला होता, तेव्हा त्याच्याशी मी कसा बोललो होतो ते आज आठवू नये असे वाटते.

वर्गणी आणि देणगी या दोन शब्दांत फरक आहे, असे आबा नेहमी सांगायचे. देणगी मोठ्या मनाचा माणूस वरून देतो, तर वर्गणी सगळ्यांनी वाटून उचललेला भार असतो, म्हणून तिची रक्कम कितीही असली तरी ती देणारा उत्सवाचा धनी होतो, हिशेब विचारू शकतो आणि आरतीचे तबक हातात घेऊ शकतो. आबांच्या तोंडून ऐकलेली पानशेतच्या पुराची गोष्टही यातलीच होती. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि मंडळाची जुनी वही वाहून गेली. म्हणून आमचे दफ्तर १९६२ पासूनचे आहे. पुरानंतर दोन महिन्यांनी गणपती आले तेव्हा भिंतींना गाळाचा वास होता, तरी अण्णांच्या वडिलांनी एकही दार चुकवले नाही. ज्याच्या घरात काही उरले नव्हते त्याच्याकडेही ते गेले आणि चार आणे घेऊन आले. त्याच्याकडे न जाणे म्हणजे त्याला गल्लीतून वजा करणे, असे ते म्हणाल्याचे आबा सांगत. ही गोष्ट मी स्वतः कार्यकर्त्यांना कितीदा सांगितली आहे!

आमच्या मंडळाच्या नावात 'सार्वजनिक' हा शब्द आहे. या शब्दाला पुण्यात वजन आहे. १८७० मध्ये इथे सार्वजनिक सभा निघाली ती पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून, आणि तिचा सभासद होणाऱ्याला किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पन्नास जणांनी "हा आमच्या वतीने बोलेल" असे लिहून दिल्याशिवाय कोणी स्वतःला सार्वजनिक म्हणवू शकत नसे. पुढे १८९२-९३ पासून घरातला गणपती चौकात आला तोही सगळ्यांना उभे राहता यावे म्हणूनच. आज मला या गल्लीतून पन्नास जणांची संमती आणायला सांगितले तर वहीतली सगळी जुनी घरे धरूनही ती छत्तीस होतात.

पैशाचे म्हणाल तर या ४३ घरांनी प्रत्येकी शंभर रुपये दिले तरी ४,३०० होतात, आणि मांडववाल्याची आगाऊ रक्कमसुद्धा त्यातून भागत नाही. तूट राहणारच आहे. यंदा मूर्ती एक हात लहान होईल, रोषणाई निम्मी होईल, आणि हे मी उद्या बैठकीत सरळ सांगणार आहे. आश्चर्य असे की हे लिहिताना मला सकाळइतके वाईट वाटत नाही. मूर्ती लहान असली तर गल्लीतली चार माणसे ती उचलू शकतील आणि ट्रॉली लागणार नाही.

मघाशी वहीत कोरे पान काढून ७९ घरांची यादी नव्याने लिहिली. घराचा क्रमांक, नाव, रक्कम असे तीनच रकाने ठेवले. ४३ ओळींत नावाचा रकाना रिकामा राहिला. त्यातली एक ओळ आता भरली आहे.

नंतर आरतीच्या मानाची यादी घेतली. जाताना ती म्हणाली होती की पहिले तीन दिवस रात्रपाळी आहे आणि चौथ्या दिवशी सुट्टी आहे. चौथ्या दिवसाच्या रात्रीच्या आरतीपुढे मी तिचे नाव लिहिले आणि लगेच खोडले, कारण तिला न विचारता लिहिणे ही पुन्हा माझीच मर्जी झाली असती. ती सातच्या सुमारास कामावर निघते. उद्या बैठकीच्या आधी, पावणेसातला, जिना चढून जायचे आहे.