टाकी स्वीडनची, बर्नर पोर्तुगालचा: जुन्या प्रवासी स्टोव्हच्या ओळखीची प्रगती

सध्या कामाच्या टेबलावर असलेला पितळी स्टोव्ह दोन देशांचा आहे. म्हापशाच्या बाजारात तो मिळाला तेव्हा बर्नरवरील ‘हिपोलितो’ हा ठसा स्पष्ट वाचता येत होता. हिपोलितो हा पोर्तुगालमधील तोरेस वेद्रास येथील कारखाना असल्यामुळे, स्टोव्ह लिस्बनहून बोटीने गोव्यात आला असावा, असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले. हा तर्क गोव्याच्या इतिहासाला धरून आहे, परंतु तो केवळ बर्नरला लागू पडतो. टाकीच्या खांद्यावर काळा थर होता. तो रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने काढल्यावर ‘प्रायमस’, ‘स्टॉकहोम’ आणि ‘बी. ए. योर्ट आणि कंपनी’ ही अक्षरे दिसू लागली.

या उदाहरणामुळे तपासणीचा क्रम मी पक्का केला आहे. आधी टाकी पाहावी, मग टाकीला डाग देऊन कायमचे जोडलेले भाग पाहावेत, आणि आट्यांवर बसणारी प्रत्येक वस्तू सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. बर्नरच्या नळ्यांत रॉकेलची वाफ होते, त्या प्रत्येक वेळी लालभडक तापून पुन्हा थंड होतात आणि आतून काजळी धरत जातात. पिन करून निपल, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या बारीक छिद्राचा भाग, मोकळे होते, पण नळ्या मोकळ्या होत नाहीत. त्यामुळे टाकी शाबूत राहते आणि बर्नर मात्र बदलला जातो. बर्नरच्या बुडाशी शिशाचा वायसर असतो, तो नवा घातला की त्याच आट्यांचा दुसऱ्या कारखान्याचा बर्नरही घट्ट बसतो. पंपाची दांडी, तेल भरण्याचे झाकण, हवा सोडण्याचा स्क्रू यांचीही हीच कथा आहे. दुरुस्ती करणारा कारागीर हाताशी असेल तो भाग बसवून देत असे, आणि त्याला संग्राहकांची चिंता असण्याचे काही कारण नव्हते.

टाकीवरील नावातून कालखंडही ठरवता येतो. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने काजळी न धरणारा ‘प्रायमस’ हा रॉकेलचा स्टोव्ह १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये तयार केला आणि त्याच्या विक्रीची धुरा योर्ट यांच्या कंपनीने उचलली. पुढे १९५० च्या दशकात या कंपनीचे नाव बाको झाले, आणि १९६२ मध्ये द्रवइंधनाच्या प्रायमस स्टोव्हचे हक्क ऑप्टिमस या स्वीडिश कंपनीकडे गेले. म्हणजे टाकीवर योर्ट यांचे नाव असेल तर ती १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरची असण्याची शक्यता फार थोडी उरते. नेमके वर्ष हवे असेल तर टाकी उलटी करावी. प्रायमसने १९११ पासून वर्षाचे अक्षर छापण्यास सुरुवात केली: ‘ए’ म्हणजे १९११, ‘बी’ म्हणजे १९१२, आणि एकेरी अक्षरे संपल्यावर दोन-दोन अक्षरांची मालिका सुरू झाली. माझ्या टाकीच्या बुडावर मोबाइलचा प्रकाश अगदी तिरपा पाडल्यावर ‘सी’ दिसले, म्हणजे टाकी १९१३ ची ठरते. पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल घासून मी त्या ठशाची प्रत घेतली असून, ती होईपर्यंत चिंच, लिंबू किंवा कोणतीही पूड टाकीला लावायची नाही, हा नियम यापुढे कायम राहील. चकचकीत टाकीला बाजारात भाव चढतो हे मान्य आहे, पण घासून पुसट झालेले अक्षर परत आणण्याचा कोणताही उपाय नाही.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान स्टोव्हकडे मी नुकताच वळलो आहे. स्विया १२३ हा १९५५ मध्ये बाजारात आलेला स्वीडिश स्टोव्ह असून, त्याच्या नावापुढे ‘आर’ असेल तर निपल साफ करणारी सुई आतच बसवलेली असते. ऑप्टिमस ८ आणि ८आर यांतही हाच फरक आहे. अमेरिकी कोलमन कंपनीच्या स्टोव्हच्या टाकीखाली बहुधा महिना आणि वर्ष हे दोन आकडे असतात, त्यामुळे तेथे फारशी डोकेफोड करावी लागत नाही. मात्र दुसऱ्या महायुद्धातील कोलमन ५२० या लष्करी स्टोव्हच्या घडणीचे स्टोव्ह मिनेसोटातील अमेरिकन गॅस मशीन कंपनीनेही तयार केले होते, म्हणून केवळ आकारावरून कोलमनचे नाव लिहून मोकळे होऊ नये.

या ५२० मुळेच माझा शोध भांड्यांपर्यंत पोहोचला. हा स्टोव्ह ज्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात ठेवला जाई, त्याचे दोन्ही भाग वेगळे केल्यावर स्वयंपाकाची भांडी म्हणून वापरता येत असत. परंतु स्टोव्ह आणि भांडी एकत्र विकत मिळाली म्हणून ती एकत्रच घडवली गेली असे ठरत नाही. स्विया १२३ सोबत अनेकदा दिसणारा भांड्यांचा संच सिग या स्विस कंपनीचा असतो; १८९३ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा कारखाना पुढे फ्राउएनफेल्ड येथे गेला. तो संच याच स्टोव्हसाठी बनवलेला होता, त्यामुळे स्वीडनचा स्टोव्ह आणि स्वित्झर्लंडची भांडी ही जोडी संशयास्पद मानण्याचे कारण नाही.

लष्करी भांड्यांत ठसे अधिक बोलके असतात. तीन मुकुटांचा ठसा स्वीडिश सैन्याचा असतो. रुंद बाणाचे चिन्ह ब्रिटिश सरकारी मालाचे आहे. तोच बाण ‘सी’ अक्षराच्या आत असेल तर ते भांडे कॅनडाचे आणि दोन ‘डी’ अक्षरांच्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलियाचे समजावे. जर्मन सैनिकांच्या जेवणाच्या डब्यांवर उत्पादकाची खूण आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे आढळतात, आणि तेथे झाकण व डबा यांवरील ठसे स्वतंत्रपणे वाचावे लागतात, कारण छावणीत धुताना झाकणांची अदलाबदल होणे अगदी साहजिक होते. माझ्याकडील जर्मन डब्याच्या दोन भागांवरील वर्षे जुळत नाहीत, म्हणून नोंदवहीत त्याला एक वस्तू न मानता दोन स्वतंत्र क्रमांक दिले आहेत.

म्हापशाच्या स्टोव्हलाही आता तसेच दोन क्रमांक आहेत. बर्नर काढून ठेवायचा की टाकीवरच राहू द्यायचा, यावर काही दिवस विचार केला. तो चांगल्या स्थितीत आहे, ज्योत निळी आणि स्थिर मिळते, आणि कोणीतरी हा स्टोव्ह चालू ठेवण्यासाठीच तो बसवला होता; म्हणून तो टाकीवरच ठेवला असून, पुढील कामात पंपाचा चामडी वायसर तेवढा बदलणार आहे.