जखमजोडीची प्लेट

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेत हाताच्या जखमांचे स्वॉब, म्हणजे जखमेवर फिरवून तपासायला पाठवलेले बोळे, वाढतात. पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या नाशिकच्या द्राक्षबागांत उतरतात, दिवसभर कात्र्या चालतात, आणि एखादी हातावर चालते. ही बाई तशीच आली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी काप, नववा दिवस, हात मनगटापर्यंत सुजलेला. फॉर्मवर निवासी डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'झाडपाला लावल्याने जंतुसंसर्ग.' म्हणजे कारण आधीच ठरलेलं. आम्ही फक्त जंतूचं नाव कळवायचं.

सोबत आलेला स्वॉब हिरवा होता. पाल्याच्या चोथ्यावरूनच बोळा फिरवून कुणीतरी नळीत घातला होता. मला हे सहन होत नाही. अशा स्वॉबमधून पानावरचे, मातीतले, कापडावरचे सगळे जंतू उगवतात आणि जखमेच्या तळाशी कोण बसलंय ते कळतच नाही. मी स्वतः वॉर्डात गेले. सिस्टरांनी चोथा आणि मेलेला पापुद्रा काढला, जखम सलाइनने धुतली, आणि खालच्या ताज्या मांसावर एक चौरस सेंटिमीटर जागेत दाब देत मी बोळा फिरवला. पाच मिनिटं लागतात याला.

दुसऱ्या दिवशी, जंतू वाढवायला आगर ओतलेल्या प्लेटवर एकाच जंतूची वाढ होती. प्लेट हुंगायची नसते, पण हा वास आपणहून येतो, पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर. आगरात निळसर हिरवा रंग उतरलेला. जंतू ओळखायची ऑक्सिडेजची पट्टी दहा सेकंदांच्या आत जांभळी झाली. जंतूचं नाव स्यूडोमोनास.

रिपोर्ट घेऊन वर गेले तेव्हा डॉक्टर तिच्या सासूला सगळ्या वॉर्डासमोर बोलत होते. "तुमच्या या पाल्यामुळे हात जायची वेळ आली." ती मान खाली घालून उभी होती. मीही तेव्हा काही बोलले नाही, आणि ते मला अजून टोचतं.

नंतर व्हरांड्यात मी तिला विचारलं, "आजी, कुठला पाला लावला होता?"

"जखमजोडी. बांधावरची."

जखमजोडी म्हणजे दगडीपाला, एकदांडी. पांढऱ्या-पिवळ्या फुलाचं हे तण मूळचं अमेरिका खंडातलं, पण आपल्याकडे इतकं रुळलंय की कापलं-खरचटलं की हात आधी त्याच्याकडे जातो.

"कधीपासून पाणी सुटलं जखमेला?"

"चार दिस कोरडी होती बाई. कात्री धरवेना म्हणून मुकादमानं पेस्टिंगला लावली. मग सुटलं."

पेस्टिंग म्हणजे छाटलेल्या काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं द्रावण लावणं. ते कातडीला जाळतं, म्हणून रबरी हातमोजे घालतात. कापलेला हात, त्यावर फडकं आणि वरून दिवसभर घामाने ओला मोजा. स्यूडोमोनासला ओलाच लागतो. ही गोष्ट फॉर्मवर कुठेच नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

मी आजींना ताजा पाला आणायला सांगितला. रस काढला. उकळला असता तर त्यातलं काय मेलं नि काय उरलं हे सांगता आलं नसतं, म्हणून तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढला. औषध जंतूवर चालतं का हे पाहायच्या, ४ मिलिमीटर जाडीच्या म्युलर-हिंटन प्लेटा घेतल्या. एकीवर या बाईचा जंतू, दुसरीवर स्टॅफिलोकोकस या जखमांत नेहमी सापडणाऱ्या जंतूचा प्रमाणित वाण, एटीसीसी २५९२३. प्रत्येकीत तीन भोकं पाडली. एकात रस, एकात हळदीचं पाणी, एकात नुसतं सलाइन. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची चकती. हे नुसत्या सलाइनचं भोक मी कधीच सोडत नाही. कॉलेजची मुलं तुळशीचा, कडुनिंबाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढून आणतात, मोठा झोन, म्हणजे भोकाभोवती जंतू न वाढलेलं कडं, दाखवतात, आणि नुसतं अल्कोहोल घातलेलं भोक त्या प्लेटवर नसतं. जंतू तुळशीने मारले की अल्कोहोलने, हे मग कसं कळणार? त्यांच्या मार्गदर्शकांनीही ते विचारलेलं नसतं.

स्टॅफिलोकोकसच्या प्लेटवर जखमजोडीच्या रसाभोवती अरुंद पण स्वच्छ कडं होतं. स्यूडोमोनासच्या प्लेटवर वाढ भोकाच्या काठापर्यंत भिडलेली. या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, आणि त्यातूनही जे आत शिरतं ते बाहेर फेकणारे पंप त्याच्याकडे असतात. हळदीला दोन्हीकडे काहीच नाही. त्यावरून मी हळदीला दोष देणार नाही. हळदीतलं कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते आगरात पसरणार कसं? ही परीक्षाच तिच्या सोयीची नाही. दारुहळदीच्या झुडपातल्या बर्बेरीन या जंतू मारणाऱ्या द्रव्याचंही असंच. शुद्ध बर्बेरीन स्टॅफिलोकोकस पंपाने बाहेर टाकतो. पण त्याच कुळातल्या झुडपांत तो पंप अडवणारा एक पदार्थ असतो, जो स्वतः जंतू मारत नाही. २००० साली हे सिद्ध झालं. म्हणून एका प्लेटवरून एखाद्या वनस्पतीचा निकाल लावायला मी धजत नाही, जखमजोडीचासुद्धा.

पण आजींचे ते चार कोरडे दिवस या प्लेटशी जुळत होते, एवढं मी डॉक्टरांना सांगितलं. "पाल्यावर धनुर्वाताचे बीजाणूही असतात," ते म्हणाले. ते खरंच आहे, आणि इंजेक्शन त्यांनी पहिल्या दिवशीच दिलं होतं. फॉर्मवरची ओळ मात्र त्यांनी बदलली नाही.

सेन्सिटिव्हिटीप्रमाणे, म्हणजे या जंतूवर कुठलं औषध चालतं त्या तपासणीप्रमाणे, औषध बदललं, सूज उतरली, हात वाचला. तिला दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी मी दोन्ही प्लेटा टेपने बंद करून आजींना दाखवल्या.

"हे मोकळं कडं तुमच्या पाल्याचं."

त्यांनी झाकणावरून बोट त्या कड्याभोवती फिरवलं. मग दुसरी प्लेट बराच वेळ निरखली.

"आणि याला कुठला पाला लागंल?"

"याला दवाखान्यातलंच औषध लागेल, आजी."

त्यांनी मान हलवली. "अन् तिला आता परत पेस्टिंगलाच लावतील," म्हणाल्या, आणि पिशवी उचलून सुनेच्या मागे निघाल्या.