छापा-काटा वही: १००५ टॉस झाले, आणि भाच्याने लावली वाट

मंडळी, इथे गोव्यात डिचोलीत चार दिवस पाऊस आणि लाईट येऊनजाऊन, त्यामुळे सोप्यावर बसून वही भरली. नाणं तेच ५ रुपयांचं, सिंहाची बाजू छापा, आकड्याची काटा. गेल्या वेळी ठरवलं होतं तसं लागोपाठ छापा-छापा यायला किती टॉस लागतात ते १०० वेळा मोजलं, मग छापा-काटा यायला किती ते १०० वेळा. पहिल्याला एकूण ६११, दुसऱ्याला ३९४. हिशोबाने सरासरी ६ आणि ४ यायला हवी, म्हणजे बरंच जवळ. एकदा तर छापा-छापा २३ टॉसपर्यंत येईचना, नाणं पण गडगडत तुळशीपाशी गेलं, तो टॉस धरला नाही.

हे बघून मी हुशार झालो. भाच्याला म्हटलं, एकाच रांगेत टाकू, तुझं छापा-छापा, माझं छापा-काटा, आधी ज्याचं येईल तो जिंकला, हरेल त्याने पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की छत्री घेऊन उंडे (गोल पाव) आणायचे. ४० डाव. निकाल २१-१९, आणि २१ त्याचे! उंडे मीच आणले.

डोकं खाजवलं तेव्हा कळलं, पहिला छापा पडेपर्यंत दोघं एकाच जागी उभे, त्यानंतर पुढचा एकच टॉस डाव संपवतो, म्हणजे अर्धं-अर्धंच की! मग ६ आणि ४ कुठून आले? तर हुकल्यावर काय होतं त्यातून. छापा-काटावाला हुकला तर त्याच्या हातात अजून एक ताजा छापा असतोच, छापा-छापावाल्याचं हुकलं की समोर काटा, परत शून्यापासून. एकाच रांगेतल्या डावात कुणी हुकला की खेळच संपतो, त्यामुळे हा फरक दिसतच नाही. मला हे कळायला आख्खा दिवस लागला, सांगायला लाज नाही.

मग मी काटा-छापा घेतलं, त्याला छापा-छापाच ठेवायला लावलं. ४० मध्ये ३१ माझे. कारण पहिले दोन्ही टॉस छापा पडले तरच तो जिंकतो, म्हणजे चारात एकदा. मध्ये एक जरी काटा पडला तरी संपलं, त्यानंतर जो पहिला छापा येईल तो माझंच काम करणार. वॉल्टर पेनी नावाच्या माणसाने १९६९ साली याचाच तीन टॉसचा खेळ मांडला होता, त्यात छापा-छापा-छापासमोर काटा-छापा-छापा घेतलं तर आठात सात डाव आपले.

तोच पुढच्या आठवड्यात करायचा होता, पण भाचा आता सावध झालाय. काल विचारलं तर म्हणतो, "मामा, आधी तू सांग, मग मी."