शून्य बिलाच्या घरातली वीजमोजणी : उन्हाळा ते श्रावण

मंडळी, यंदाच्या नोंदी एकदमच टाकतोय. पंख्याचा उन्हाळा आणि गिझरचा पावसाळा असा घराचा फेरा झाल्याशिवाय आकडे काही बोलत नाहीत. घर वडगावातलं, कौलारू, माणसं चार. एसी नाही, बेळगावच्या हवेत अजून तरी त्याशिवाय भागतं.

आधी आमच्याकडची खास अडचण सांगतो, कारण पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींना ती नाही. 2023 च्या जुलैपासून कर्नाटकात ‘गृहज्योती’ आहे. 2022-23 ची तुमची महिन्याची सरासरी काढायची, त्यावर दहा टक्के जास्त धरायचे, तेवढे युनिट फुकट. त्यापुढे पण 200 च्या आत गेलात तर वरच्या फरकाचे पैसे. 200 ओलांडले की सगळं बिल भरा. गरिबाच्या घराला याचा आधार झाला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या छंदाचं गणित मात्र पालटलं. पूर्वी बिल दाखवून माणसाला पटवता यायचं. आता शेजारच्या काकू विचारतात, “बिल शून्य येतंय की. मग काय मोजूलास सारखं?”

प्रश्न बरोबर आहे. म्हणून यंदा रुपये बाजूला ठेवून फक्त वॅट आणि युनिट लिहिले.

उपकरण एकच, मीटरवरचा लाल दिवा. नव्यांसाठी पुन्हा सांगतो. मीटरवर ‘3200 इम्पल्स’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एक युनिट जळेपर्यंत दिवा 3200 वेळा लुकलुकतो. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि 1125 ला त्यानं भागा, आले वॅट. मीटर 1600 चं असेल तर 1125 ऐवजी 2250 घ्या. प्लगमध्ये खोचायचं वॅटमीटर माझ्याकडेही आहे, पण छताच्या पंख्याला ते लावणार कसं? लाल दिव्याला घरातलं काहीच लपत नाही.

पहिलं मोजमाप रात्री, सगळे झोपल्यावर. दिवे बंद, पंखे बंद, फ्रिजचा प्लग तेवढ्यापुरता काढलेला. तरीही दिवा तीस सेकंदांनी एकदा लुकलुकतच होता, म्हणजे साडेसदतीस वॅट. सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचं सावकाश चालणारं चार्जिंग, टीव्हीचा लाल ठिपका, ही सगळी मंडळी. किरकोळ वाटतं, पण महिनाभर अखंड चालू राहिलं तर 27 युनिट. आमच्या गल्लीत अशी घरं आहेत की त्यांचा पूर्ण महिन्याचा वापर साठ-सत्तर युनिटांत बसतो. तिथं 27 म्हणजे घरात न दिसणारा भाडेकरूच. सेट-टॉप बॉक्स रिमोटनं ‘बंद’ केला तरी जवळजवळ तेवढीच वीज घेतो हे बघून घरच्यांनाही नवल वाटलं. आता त्याला भिंतीवरच्या बटणानं बंद करतो. इन्व्हर्टरला मात्र हात लावत नाही. मिरगाचा पाऊस सुरू झाला की त्याची किंमत कळते.

पंख्याचा भाग या वर्षी सगळ्यात रंगला. बाकी सगळं तसंच ठेवून जुना पंखा पूर्ण वेगात लावला, लुकलुक दहा सेकंदांवर आली. 112 मधून आधीचे 37 वजा, पंखा 75 वॅटचा. मग तो उतरवून बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरीचा पंखा चढवला. लुकलुक सतरा सेकंदांवर, म्हणजे पंख्याचे जेमतेम 28-29 वॅट. वारा हाताला तेवढाच. रोज दहा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला चौदा युनिट वाचतात. कारण साधं आहे: जुन्या इंडक्शन मोटरीत बरीच वीज तांब्याच्या आणि पत्र्याच्या गरम होण्यात जाते, बीएलडीसीत फिरणाऱ्या भागावर कायम चुंबक असतात आणि विजेचं टायमिंग इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतं. ज्यांच्याकडे अजून तो जुना, मोठ्या डबड्याचा रेग्युलेटर आहे त्यांनी पंखा एकवर ठेवून त्याच्यावर तळहात टेकवून बघा. पंखा हळू फिरतो, पण उरलेली बरीचशी वीज त्या डबड्यात उष्णता होऊन जाते. डबडं बदलून छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणं हे पंखा बदलण्याआधीचं, फार कमी खर्चाचं काम आहे. मात्र बीएलडीसी लावलात तर तोही काढा, त्या पंख्याचा वेग रिमोटवर असतो.

गिझरबद्दल थोडक्यात. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाच्या किंचित वर लागतं, मग ते रॉडनं तापवा नाहीतर भारी कंपनीच्या गिझरनं. पाण्याला ब्रँड कळत नाही. फरक पडतो तो तापवून ठेवण्यात. पहाटे लावलेला गिझर नऊपर्यंत चालू ठेवणं आमच्याकडे बंद झालं. थर्मोस्टॅट पन्नासवर आणला. गच्चीवर पाणी तापवायचा सोलर असणाऱ्यांना आठ महिने ही चिंताच नाही, आषाढ-श्रावणात मात्र त्यांचीही टाकी गारच.

आता काकूंच्या प्रश्नाकडे. आपल्या देशातल्या ग्रिडच्या, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याच्या, एका युनिटामागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका पंख्याचे ते चौदा युनिट म्हणजे महिन्याला दहा किलो. मला वैयक्तिकरीत्या सरासरीपेक्षा वेळेचा हिशोब जास्त आवडतो. दुपारी बाराला आपल्या राज्याच्या ग्रिडवर पावगडच्या सोलर पार्कसारख्या ठिकाणची वीज असते. पावसाळ्यात गदगकडच्या पवनचक्क्याही जोरात असतात. संध्याकाळी सातला ऊन संपलेलं आणि सगळ्यांचे दिवे लागलेले. तेव्हा शरावतीचं पाणी आणि रायचूर-बळ्ळारीचा कोळसा यांच्यावर भार येतो. म्हणून टाकीचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री ही कामं आम्ही दुपारी ढकलली. युनिट तेवढेच, मीटरला फरक कळत नाही, बिलात दिसायचा तर प्रश्नच नाही. तरी माझ्या मते या वर्षातला सगळ्यात कामाचा बदल हाच.

आणि या कार्बनचा आपल्याशी काय संबंध? 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या तेव्हा जिल्ह्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. एक पूर दाखवून “हे हवामानबदलामुळंच” म्हणणं मला पटत नाही. पण हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग पाऊस पडतो तेव्हा जास्त जोरानं पडू शकतो, एवढं पदार्थविज्ञान पुरेसं आहे.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि विषय बदलला. पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. जूनमध्ये रात्री लाईट गेली, त्यांच्या इन्व्हर्टरवर दोन जुने पंखे होते, बॅटरी मध्यरात्रीच बसली. आमचे पंखे पहाटेपर्यंत फिरत होते. दुसऱ्या दिवशी मुलगा पंख्याचं नाव लिहून घ्यायला आला. 14 डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो, शाळेत घोषवाक्यं होतात, होऊ देत. माझा भरवसा लाल दिव्यावर आहे. गल्लीतल्या पोरांना मीटरसमोर उभं करून आतून कुणालातरी इस्त्री लावायला सांगितली. दिवा वेडा झाल्यासारखा लुकलुकायला लागला तेव्हा त्यांना जे कळलं ते माझ्या भाषणानं कळलं नसतं. आता तीच पोरं घरी जाऊन आयांना छळतात.

स्वयंपाकघरात एक प्रयोग चालू आहे. कुकरला एक शिट्टी द्यायची, गॅस बंद करायचा आणि तो जुन्या वाकळेत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचा. भात छान होतो, तुरीची डाळ आधी भिजवली तर होते. राजम्याच्या वाटेला जाऊ नका, तो नीट उकळूनच शिजवायला हवा.

पुढचं काम गणपतीच्या आधीचं. मंडळाच्या मांडवात 500 वॅटचे हॅलोजन लागतात, त्याजागी 50 वॅटचे एलईडी फ्लड (झोताचे दिवे) चालतात का हे कार्यकर्त्यांना एका संध्याकाळी शेजारी शेजारी लावून दाखवायचं ठरलंय. निपाणी-खानापूरकडच्या कुणी मांडवासाठी असे फ्लड वापरले असतील तर पावसात ते कितपत टिकले ते लिहा. आणि रिकाम्या इन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरी पूर्ण भरल्यानंतरचा, खप कुणी मोजलाय का? माझा आकडा पंधरा वॅटच्या आसपास येतोय, तो मला जास्त वाटतो.