ऑगस्टमध्ये दापोली ते गणपतीपुळे सायकलवर: समुद्राकडची खोली घेऊ नका

तिघे जण, चार दिवस. तुम्हाला चढ मारायची सवय आहे आणि पंक्चर काढता येतं हे धरून चालतो. मला लिहायचंय ते ओल्या कपड्यांबद्दल. या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त त्रास त्यांनीच दिला आणि निघण्याआधी जो भेटला त्याने एकच सांगितलं, "समुद्रकाठी वारा असतो, रात्रीत खडखडीत वाळतात." हे साफ चूक आहे.

पहिला मुक्काम कर्द्याजवळ एका लॉजवर. समुद्राकडच्या खोलीचे ८०० रुपये जास्त घेतले, तेही "वारा येतो, कपडे वाळतील" असं सांगून. आठ वाजता झड सुरू झाली. पावसाळ्यात वारा आणि पाऊस दोन्ही समुद्राकडूनच येतात, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांत गाद्या भिजायला लागल्या आणि खिडकी लावून घ्यावी लागली. मग पंखा पाचवर आणि आडव्या दोरीवर तिघांचे कपडे. सकाळी शॉर्ट्सची शिवण दोन बोटांत दाबली तर पाणी बाहेर आलं. वर कुबट वास.

असं का झालं ते नंतर कागदावर मांडलं. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. २६ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. बाहेर आर्द्रता ९० टक्के, म्हणजे जागा उरली जेमतेम अडीच ग्रॅमची. अख्ख्या खोलीत मिळून ८० ग्रॅम, अर्धा कपसुद्धा नाही! पिळलेल्या एका सुती टीशर्टमध्येच याच्या दुप्पट पाणी असतं. आमच्या दोरीवर दीड लिटर तरी असेल. पंखा कपड्याला चिकटलेली दमट हवा हलवतो हे खरं, पण त्या जागी दुसरी तितकीच दमट हवा आणतो. हवा खोलीबाहेर गेली नाही तर पंखा रात्रभर फिरून उपयोग शून्य.

हे ८०० रुपये मला अजून टोचतात, कारण त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मांड्यांनी चुकवला. लाडघर, कोळथरे, दाभोळ या रस्त्यावर चढ-उतार संपतच नाहीत. ओल्या शॉर्ट्सने कोळथऱ्यापर्यंतच कातडी सोलवटली. पुढचे चढ मी सीटवर न बसता, उभ्याने मारले. दाभोळच्या फेरीबोटीत बसायला सांगितलं तरी बसवेना. ओली शॉर्ट्स घालून हा टप्पा करू नका, त्यापेक्षा अर्धा दिवस थांबा.

गुहागरला एका घरी उतरलो. काकूंनी आमची दोरी खोलीत बांधलेली पाहिली आणि सरळ सोडवली. "दारं-खिडक्या लावून कपडे वाळतात होय रे? वाटेत घाला." वाट म्हणजे पुढच्या दारापासून माजघरातून मागच्या दारापर्यंतची सरळ रेघ. पडवीच्या उतरत्या छपराने पाऊस आत येत नव्हता, दोन्ही दारं उघडी, मधून वारा. दोन कपड्यांत वीतभर अंतर, शॉर्ट्स उलट्या करून. पाऊस तोच, हवा तीच ९० टक्क्यांची, पण ती सतत निघून जात होती. झोपायच्या वेळी कपडे नुसते सर्द उरले होते. मग दारं लागली तेव्हा काकूंनी ते चुलीजवळच्या वलणीवर टाकले. हवा तापली की तिच्यात जास्त वाफ मावते, म्हणून चुलीपाशी काम झपाट्याने होतं. सकाळी कोरडी शॉर्ट्स चढवली तेव्हा जे वाटलं ते लिहून कळणार नाही. या घराला माझे शंभर मार्क.

फक्त माझा एक टीशर्ट तिथेही वाळला नाही. कर्द्याला तो घालून समुद्रात उतरलो होतो आणि गोड्या पाण्यातून काढायचा कंटाळा केला होता. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच इथे. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याच्या कितीतरी आधीपासून. समुद्रात भिजलेला कपडा दोन बादल्या गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय टांगू नका.

गुहागर, हेदवी, तवसाळ, तिथून फेरीबोटीने जयगड आणि गणपतीपुळे. मस्त गेलं. तवसाळच्या आधी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, तासभर उघडीप मिळाली. कॅरिअरला बांधलेले मोजे भर वाऱ्यात चालता चालता वाळले.

खोली घेताना समोरासमोर दोन उघड्या जागा आहेत का, आणि पावसाच्या उलट्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला खिडकी आहे का, एवढंच बघा. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर एसीला द्या, 'ड्राय' मोडवर. तो हवेतलं पाणी काढून नळीने बाहेर टाकतो, त्यामुळे तिथे मात्र खिडकी बंदच हवी. कपडा टांगण्याआधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळा, जितकं पाणी हातानं निघेल तितकं हवेला कमी. सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवा, पॉलिस्टरच न्या. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. रात्री एकदा गजर लावून उठावं लागलं तरी बदला.